हँडल खाली घेतलं तेव्हा

आईचे हात वर जात नाहीत हे आम्हाला आधी तिच्या अंबाड्यावरून कळलं. शाळेत निघायच्या घाईत ती मला हाक मारायची, माझ्याकडे पाठ करून बसायची आणि म्हणायची, "एवढा बांधून दे गं, आज खांदा धरलाय." आज धरलेला खांदा उद्याही धरलेलाच असायचा. मी तेव्हा बारावीला होते आणि मला वाटायचं, फळ्यावर लिहून लिहून दुखत असेल. मग वरच्या फळीवरचे डबे एकेक करून खाली आले. चहासाखर ओट्यावर आली, मीठमसाला ओट्याखाली गेला. भाकरी थापायला ती जमिनीवर बसू लागली. एका सकाळी मी फळीकडे बघितलं, तर ती पूर्ण रिकामी होती आणि तिच्यावर धूळ बसली होती.

जव्हारला एसटी स्टँडकडून खाली येणाऱ्या रस्त्यावर आमचं सायकलचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागे दोन खोल्यांचं घर. मधे अंगण. अंगणात ट्यूब बुडवून पंक्चर बघायची पत्र्याची घमेली, तुळस आणि बाबांची, लोखंड घट्ट धरायचा व्हाइस लावलेली लाकडी घोडी एकमेकांना खेटून असायची. सकाळी जाग यायची ती पान्याच्या टकटकीने किंवा स्टँडवरून निघालेल्या गाडीने पहिला गिअर टाकला की. बाबा मूळचे पोशेऱ्याचे. काका अजून तिथे शेती करायचा, आणि वर्षाची नागली, वरई आणि खुरासणीचं तेल तिकडूनच यायचं. त्या तेलाचा वास घरभर असायचा, आणि दुकानातल्या ग्रीसचा वास त्यात मिसळलेला. मला आजही कुठे ग्रीसचा वास आला की भूक लागते. माझी मुलं हसतात. हसू देत.

आई जव्हारचीच, शिकलेल्या घरातली. मोखाड्याच्या रस्त्याला पठारावर एक पाडा आहे, तिथल्या शाळेत ती शिकवायची. लग्नाआधीपासून ती त्या शाळेत सायकलने जायची आणि पंक्चर झालं की बाबांच्या दुकानात यायची. बाबा सातवीत शाळा सोडलेले. ते तिला तेव्हा 'बाई' म्हणायचे, आणि लग्न झाल्यावरही तेच नाव राहिलं. "बाई, चहा टाका की." "बाई, आज उशीर झाला." ती रागावली की उलट म्हणायची, "अहो, मी काय तुमची बाई आहे का, इथे वर्ग भरलाय का?" आणि ते खाली मान घालून हसायचे. दोघांत मोठं बोलणं मी फारसं ऐकलं नाही. तिची सायकल मात्र रोज सकाळी पुसून, चेनला तेल घालून, हवा बघून दाराशी उभी असायची. तिने कधी ती स्वतः पुसलेली मला आठवत नाही.

मग एक दिवस ती सायकलसकट पडली. वळणावर हँडल हातातून सुटलं. हात सरळ धरून अंगाचा भार त्यांवर टाकला की खांदे मोडल्यासारखे व्हायचे, असं तिने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. जव्हारच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं. नाशिकला दोनतीनदा जावं लागलं. सुया टोचून तपासण्या झाल्या. शेवटच्या खेपेला मीही बरोबर होते. डॉक्टर शांत बोलणारे होते. म्हणाले, नसांचा आजार आहे, स्नायू सुकत जाणार, खांद्यापासून सुरुवात झालीय, याला थांबवणारं औषध नाही. आईने सगळं ऐकलं आणि पदर सारखा केला. बाबांनी एवढंच विचारलं, "पाय चांगले आहेत ना, डॉक्टर?"

"सध्या चांगले आहेत."

परतीच्या गाडीत त्र्यंबक मागे पडलं, घाट सुरू झाला. मोखाड्याच्या अलीकडे बाबा खिडकीबाहेर बघत स्वतःशीच म्हणाले, "पाय चांगले आहेत." आईने डोळे मिटून घेतले. ती झोपली नव्हती.

दुकानात आढ्याला एक सायकल टांगलेली होती. ठाण्याहून पावसाळ्यात फिरायला आलेला एक माणूस ती घेऊन आला होता. आरामखुर्चीसारखी पाठ टेकून बसायचं, पाय पुढे लांब करायचे, पायडल पार पुढच्या टोकाला. हँडल एका लांब वाकड्या दांड्यावर छातीसमोर यायचं. घाटात त्या सायकलचा सांधा तडकला. तो माणूस ती दुरुस्तीला टाकून एसटीने गेला आणि पुढे फोनवर म्हणाला की तो परदेशी चाललाय, सायकल तुम्हीच ठेवा. बाबांनी सांधा जोडला आणि ती वर टांगली. गावात तिला सगळे बाजेची सायकल म्हणायचे. पोरं दुकानात आली की मान वर करून बघायची.

नाशिकहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबांनी ती खाली काढली. मला म्हणाले, "यात हातांवर भार नाय पडत. नुसतं बसायचं." दुपारी आई शाळेतून आली, काका तिला मोटरसायकलवर सोडून गेला होता. बाबांनी तिला चहासुद्धा घेऊ दिला नाही. अंगणात सायकल दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. "बसा बाई." ती साडी सावरत बसली. पाठ टेकली. चेहऱ्यावर जरा आराम दिसला. मग तिने हँडलला हात लावले आणि ते तिथे राहीनात. क्षणभर धरायची, की हात हळूहळू घसरून मांडीवर यायचे. बाबांनी हँडल जवळ ओढलं, दांडा खाली वाकवून बघितला. हात पुन्हा मांडीवर. तिसऱ्या वेळी तिने प्रयत्न केला नाही. हात दोन्ही बाजूंना सोडून दिले. ते बैठकीच्या कडेने खाली लोंबत राहिले, आणि ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "यांना आता इथेच बरं वाटतं. हँडल इथे असतं तर धरलं असतं."

ती सहज बोलली होती. पण बाबा तिच्या लोंबणाऱ्या हातांकडे बघत उभेच राहिले. मग खिशातला खडू काढून त्यांनी तिच्या मुठी जिथे येत होत्या तिथे फरशीवर दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना मी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेले आणि अशी सायकल कोणी केलीय का ते शोधलं. केलेली होती. बैठकीच्या खाली हँडल, हात कमरेशी. मी दोन चित्रं छापून घेतली, शाई संपत आल्यामुळे ती फिकी आली होती. बाबांनी ती उजेडात धरून खूप वेळ बघितली. "म्हणजे होतंय," ते म्हणाले. नाशिकहून आल्यापासून त्यांच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी हललं होतं.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात वेगळेच दिवस होते, आणि इतक्या वर्षांनी सांगायला मला संकोच वाटतो की ते आनंदाचे होते. बाबांनी तो लांब वाकडा दांडा कापून टाकला. एका मोडक्या सायकलच्या पुढच्या भागाची वाटी-छर्ऱ्यांसकट नळी कापून ती बैठकीच्या खाली वेल्डिंगने जोडली, म्हणजे नवं हँडल तिथे फिरेल. हँडल एका जुन्या पाइपचं वाकवलं, दोन्ही बाजूंनी वर आलेलं. प्रश्न होता खालचं हँडल फिरवल्यावर पुढचं चाक कसं फिरायचं. त्यासाठी हँडलपासून पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यापर्यंत एक सळई लागणार होती आणि तिच्या दोन्ही टोकांना सगळीकडे वळणारे सांधे. ते आम्हाला खोडाळ्याच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे मिळाले, मोटरसायकलच्या गिअरच्या जोडणीतले. बाजाराचा दिवस होता. बाबांनी ते हातात घेऊन फिरवून बघितले आणि खिशात टाकून वर हात ठेवला. येताना सुकट आणि करांद्याचे कंद घेतले. आईने संध्याकाळी करांदे उकडले आणि आम्ही मीठ लावून अंगणातच, सायकलभोवती बसून खाल्ले. सोलता येईनात म्हणून तिला मी सोलून देत होते. तेव्हा त्याचं फार वाटलं नाही. कामाची घाई होती.

पहिल्यांदा ती चालवली बाबांनीच. हँडल उजवीकडे वळवलं आणि सायकल डावीकडे गेली, थेट शेजारच्या कुसुममावशींच्या वाळत घातलेल्या गोधड्यांत. सळई हँडलला एका बाजूला आणि चिमट्याला दुसऱ्या बाजूला जोडली गेली होती, त्यामुळे सगळं उलट. बाबा गोधडीतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर उशीचा अभ्रा होता. आई दाराच्या चौकटीला टेकून हसत सुटली. तोंडावर पदर घ्यायला हात वर जात नव्हता, त्यामुळे ती तोंड न झाकताच हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कुसुममावशी म्हणाल्या, "बाईंना मारायचा बेत आहे का तुमचा?" आणि त्याही हसायला लागल्या.

सळई दुसऱ्या बाजूला घेतली. मग ब्रेकच्या वायरी लांब पडल्या, त्या कापल्या. साडीत पाय तसे पुढे टाकून बसता येईना. जन्मभर साडी नेसलेली माझी आई एका सकाळी माझा निळा पंजाबी ड्रेस घालून बाहेर आली. ओढणी मीच तिला नीट करून दिली. ती आरशासमोर थोडा वेळ उभी राहिली. मला म्हणाली, "शाळेत काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणतील बाई तरुण झाल्या." जाताना तिने पुन्हा एकदा आरशात बघितलं.

अंगणात शिकून झाल्यावर ती रस्त्यावर निघाली. बाबा मागून आपल्या सायकलवर, अंतर ठेवून. पठारावरचा तो रस्ता तसा सपाट आहे, फक्त शाळेच्या अलीकडे थोडा उतार. भात कापून झालं होतं, खाचरांत धसकटं होती आणि खळ्यांवर मळणी चाललेली. मी त्या दिवशी कॉलेज बुडवून बाबांच्या मागे डबलसीट बसले. आई जमिनीपासून हातभर उंचीवर, पाठ टेकून, पाय पुढे मारत चाललेली. हात दोन्ही बाजूंना खाली, जणू कोणाला धरून चालल्यासारखे. खळ्यावरची माणसं हातातलं काम थांबवून बघत होती. पाड्याजवळ पोरं धावत आली आणि सायकलच्या दोन्ही बाजूंनी पळत शाळेपर्यंत गेली. आई त्यांना ओरडत होती, "लांब व्हा रे, चाकात पाय जाईल." तो तिचा शाळेतला आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता.

ते दिवस शिमग्यापर्यंत टिकले. फळ्यावर ती आता लिहीत नव्हती. ती सांगायची आणि मोठ्या वर्गातल्या मुली लिहायच्या. पण ती रोज जात होती, स्वतः जात होती. घरी आली की बाबा चहा ठेवून बसलेले असायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला, "कशी चालली?" मग ती सांगायची. जरा डावीकडे ओढते. बैठक थोडी मागे हवी. पकड थोडी जाड करा, बोटं पुरी मिटत नाहीत. आणि ते लगेच पाने घेऊन बाहेर जायचे.

बोटं पुरी मिटत नाहीत, हे तिने पकडीबद्दल सांगितलं होतं. आम्हीही ते पकडीबद्दलच ऐकलं.

शिमगा झाला आणि एका सकाळी त्या उतारावर ब्रेक लागला नाही. ब्रेक ठीक होता. तिला तो दाबता आला नाही. तिने प्रसंगावधान राखून सायकल रस्त्याच्या कडेला पेंढ्याच्या उडवीत घातली. तिथलाच लहानू नावाचा शेतकरी, ज्याच्या दोन मुली तिच्या वर्गात होत्या, धावत आला. त्याने तिला उचलून बसवलं. "बाय, लागला तं नाय?" तो विचारत होता. तिला काही लागलं नव्हतं. पण अंगावरचा पेंढा झाडता येत नव्हता. लहानूच्या बायकोने तिचे केस, ओढणी, सगळं झाडून दिलं आणि लहानू सायकल ढकलत तिला घरापर्यंत चालत घेऊन आला. आमच्या अंगणात तो सायकल टेकवून बाबांना म्हणाला, "सायकल भली हाय, दादा. बायच्या हातात आता ताकद नाय रेली." बाबांनी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर ते सायकलजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "ब्रेक पायावर घेतो. पाय चांगले आहेत."

त्यानंतर ती शाळेत गेली नाही. रजा टाकली.

बाबांनी पायाचा ब्रेक केला. तो लागायचाही. मग त्यांनी हँडलला पकडीऐवजी चामड्याचे पट्टे लावले, मनगट अडकवायला. मग पाठ जास्त उंच केली, कारण आईची मान थकू लागली होती. रोज संध्याकाळी ते तिला विचारायचे आणि ती सांगायची. आवाज बारीक झाला होता तिचा, घास गिळताना ठसका लागायचा, मी अंबील पातळ करून चमच्याने भरवायचे. आणि त्या ठसक्यांमधे ती बाबांना सांगायची की पट्टा बोटभर पुढे घ्या, बैठक जरा उतरती करा. मला ते सहन व्हायचं नाही. एका दुपारी बाबा दुकानात असताना मी तिला विचारलं, "आई, तू आता त्याच्यावर बसणार नाहीस. मग त्यांना कशाला सांगतेस हे सगळं?"

तिने माझ्याकडे बघितलं. बाहेर व्हाइसमधे कानस चालल्याचा आवाज येत होता.

"मग त्यांनी दिवसभर काय करायचं?" ती म्हणाली. "इथे बसून माझ्याकडे बघत राहतील."

मी अठराची होते. मी तिथून उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे आलेय, माझंही घर झालं, मोखाड्याला संसार झाला, पण नवराबायकोंबद्दल मला जे काही कळतं ते बहुतेक त्या एका वाक्यातून कळतं. ती सायकल आपण तिच्यासाठी करतोय असं बाबा समजत होते. ते तसं समजत राहावेत म्हणून ती रोज एक खोट काढत होती. विचार करून काढत असेल. कारण तिने एकच खोट दोनदा सांगितल्याचं मला आठवत नाही.

शेवटचं बसली ती मे महिन्यात. तिनेच मागितलं. सकाळचं ऊन अजून चढलं नव्हतं. बाबांनी तिला दोन्ही हातांवर उचलून आणलं. ती तोवर इतकी हलकी झाली होती की त्यांना जोरसुद्धा लावावा लागला नाही. बसवलं, मागे उशी दिली. मी मनगटं पट्ट्यांत अडकवली. पाय पायडलवर ठेवले, पण ते फिरत नव्हते. बाबा म्हणत होते ते पायसुद्धा आता राहिले नव्हते. बाबांनी एक हात बैठकीच्या पाठीला लावला, दुसरा हँडलवर तिच्या हातावर ठेवला, आणि कमरेत वाकून सायकल अंगणात फिरवू लागले. घमेल्यापासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून घोडीपर्यंत. कुसुममावशी कुंपणाशी आल्या, बघितलं आणि आत गेल्या. चाकांचा आवाज येत नव्हता, इतकं तेल बाबांनी त्यांना घातलं होतं.

"कशी चालली?" बाबांनी विचारलं.

तिने काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. ते तिच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होते आणि मान हलवत होते.

पाऊस पोशेऱ्याकडे सुरू झाल्याचा काकाचा निरोप आला त्या आठवड्यात ती गेली. श्वास पुरेना. सकाळी गेली, बाबा चहा करत होते. पाड्यावरून पुष्कळ माणसं आली होती, शाळेतल्या मुली एकमेकींचे हात धरून रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. लहानूने खांदा दिला. बाबा रडले नाहीत, कोणाशी बोललेही नाहीत. काकाने दुकान उघडलं, तोच बसायचा. बाबा आतल्या खोलीत भिंतीला टेकून असायचे, दिलं तर खायचे. मला भीती वाटायची की हे आता असेच राहतील.

दिवस झाले, पाहुणे गेले, काकाही लावणीला गावी गेला. मी एका दुपारी कॉलेजातून आले तर अंगणात पान्याचा आवाज. पाऊस थांबलेला होता. बाबांनी सायकल घोडीला टेकवली होती आणि हँडल सोडवून ठेवलं होतं. मला वाटलं, मोडून टाकतायत. मी दप्तर न ठेवताच जवळ गेले.

"काय करताय, बाबा?"

"त्या दिवशी म्हणाली होती," ते वर न बघता म्हणाले. "उजवं कोपर बैठकीला लागतं. हँडल त्या अंगाने थोडं बाहेर घ्या, म्हणाली. राहूनच गेलं."

त्यांनी पाइप व्हाइसमधे धरला, अंदाजाने थोडा वाकवला, काढून बघितला, पुन्हा वाकवला. मी खाली बसून सळईचा सांधा धरला. त्यांनी बोल्ट आवळले. मग उभे राहिले आणि सायकल दोन्ही हातांनी धरून मला म्हणाले, "बस बघू."

मी बसले. पाठ टेकली, हात दोन्ही बाजूंना सोडले. मुठीत पट्टे आले. त्यांनी वाकून माझं उजवं कोपर आणि बैठक यांच्या मधून आपलं बोट सरकवलं.

"लागतंय?"

"नाही."

"नीट बघून सांग."

"नाही लागत, बाबा."

ते आणखी थोडा वेळ बोट तिथेच ठेवून उभे होते. मग म्हणाले, "झालं मग," आणि हात धुवायला गेले. नळ सुरू झाला आणि सुरूच राहिला. मी बराच वेळ तशीच बसून होते, कारण मी उठले असते तर सायकल पडली असती, आणि ती धरायला कोणी नव्हतं.